साळिंदरांशी उभा दावा

माणसाने मित्र वाटेल तितके जोडावेत, पण वैरी एकच धरावा आणि तो जिवापाड सांभाळावा, हे तत्त्व माझ्या बायकोच्या मावशीइतक्या निष्ठेने पाळणारी दुसरी व्यक्ती अख्ख्या उत्तर अमेरिकेत सापडायची नाही. मावशीचा वैरी म्हणजे साळिंदर. अमुक एक साळिंदर नव्हे, सगळी जमातच. मावशी मूळची नागपूरची, सत्तरी ओलांडलेली, उंचीने बेताची आणि आवाजाने मुळीच बेताची नाही. हिवाळाभर ती मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात आमच्यापासून दोन सिग्नलवर राहते आणि बर्फ वितळला की पिकअपमध्ये मिठाची पोती, मिरच्या, बरण्या आणि रायफल घालून उत्तरेकडच्या तळ्याकाठच्या केबिनवर एकटी निघून जाते. वाटेत भेटलेल्या माणसाने सहज जरी विचारलं की कुठे निघालात, तरी ती "लढाईवर" असं सांगते, आणि तेही मराठीत. समोरचा मिनेसोटाचा असल्यामुळे तो हसून "दॅट्स नाइस" म्हणतो.

मावशीने आयुष्यात कधी माघार घेतल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. उणे तीसच्या थंडीत ती कानटोपी न घालता भाजी आणायला जाते, कारण टोपी घातली तर थंडी जिंकली. काका गेल्यानंतर पंधरा दिवसांनी भेटायला आलेल्या एका बाईंनी तिच्या कपाळाकडे पाहून "अजून टिकली लावता?" असं हळूच विचारलं. मावशी आत गेली आणि दुप्पट मोठी टिकली लावून बाहेर आली, आणि तो आकार आजतागायत कमी झालेला नाही. तिच्या टाउनहोमच्या सोसायटीने बाल्कनीत काही वाळत घालायचं नाही असा नियम काढला, तेव्हा ती सभेला पोह्याच्या पापडांचं ताट घेऊन गेली. सभासदांनी पापड खाल्ले, वाहवा केली, आणि नियम तसाच ठेवला. मावशीने तिथेच उभं राहून जाहीर केलं की माझे पापड आता तुमच्या सूर्याखाली वाळणार नाहीत. सूर्य सगळीकडे एकच असतो हे तिला सांगायची हिंमत कुणात नव्हती. त्या वर्षापासून पापड, कुरडया, सांडगी मिरच्या आणि कैरीचं लोणचं ही सगळी उन्हाळी कामं केबिनच्या डेकवर गेली.

ही केबिन खरं तर काकांची हौस. निवृत्त झाल्यावर तळ्याकाठी बसून मासे धरायचे, असं ते नोकरीभर म्हणत आले. मासा धरायचा, पाहायचा आणि सोडून द्यायचा, कारण घरात कडक शाकाहार. केबिन घेऊन दोन उन्हाळे होतात न होतात तोच ते गेले, आणि मावशी एकटी तिथे जाऊ लागली. त्या पहिल्याच उन्हाळ्यात साळिंदरांनी होडीची वल्ही खाल्ली. मग कुऱ्हाडीचा दांडा खाल्ला. मग बाहेरच्या जुन्या संडासाची लाकडी बैठक अशा कलाकुसरीने कुरतडली, की बसणाऱ्याने आधी नकाशा पाहून बसावं. मावशीने हे सगळं सोसलं. पण एका सकाळी डेकवर विसरलेलं तिचं लाटणं दोन्ही टोकांनी खाल्लेलं सापडलं आणि तिचा संयम संपला. तिने मला फोन केला. "जावईबापू, आपल्या नागपूरकडचं साळिंदर कधी झाडावर चढलेलं पाहिलं काय तुम्ही? जमिनीवर राहते बिचारं, मुळ्याबिळ्या खाते. हे इथले झाडावर चढून राहिले, घर खाऊन राहिले. अमेरिकेत येऊन सगळेच बिघडतात बाप्पा!" इथली साळिंदरं इथलीच आहेत, आलो ते आपण, असं मी म्हणून पाहिलं. मावशी म्हणाली, "तुम्ही त्यांचे जावई आहात का माझे?"

आता एखाद्या पापभीरू मराठी बाईने अशा वेळी जाळी लावली असती, सापळा मागवला असता, किंवा आमच्यासारखं यूट्यूबवर पाहिलं असतं. मावशीने रायफल घेतली. आम्ही हबकलो. तिला मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही, कारण कॉलेजात ती एनसीसीत होती आणि पॉइंट टू-टूच्या नेमबाजीत मुलांच्या तुकडीलाही मागे टाकायची. मधली पन्नास वर्षं तिने संसार, एका पेंट कंपनीतली लॅब आणि इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी फराळ यांत घालवली, पण नेम गेला नाही. तिने रीतसर सुरक्षेचा कोर्स केला. तिथल्या शिक्षकाने "खांद्याला घट्ट लावा" म्हटल्यावर तिने त्याला श्वास कधी रोखायचा ते शिकवलं. पुढे खंडेनवमीला तिने पाटावर लाल कापड घालून रायफल मांडली, हळदकुंकू वाहिलं, आणि पूजा सांगायला भारतातल्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. गुरुजींनी मंत्र सुरू केले आणि मधेच थांबून म्हणाले, "ताई, नळी तेवढी दुसऱ्या दिशेला करता का?"

तिचे नियम मात्र कडक होते. झाडावर चढलेल्याला गोळी, डेकवर आलेल्याला बोलणी. तळ्याकाठी कोवळ्या पाइनची रांग आहे. साळिंदर शेंड्यापाशी बसून खोडाची साल गोल खरडून काढतं आणि तिथून वरचं झाड वाळतं. ही साळिंदरं शत्रूपक्षाची, त्यांना दया नाही. डेकवर आलेलं जनावर मात्र कितीही खादाड असलं तरी दारात आलेलं, त्याच्यावर हत्यार उचलायचं नाही. त्याला फक्त "मेल्या, तुझ्या बापाचं आहे काय हे?" इथपासून सुरू होणारं आणि त्याच्या सात पिढ्यांना स्पर्श करणारं भाषण ऐकून घ्यावं लागायचं. साळिंदर हे मुळात मंद जनावर. ते सगळं भाषण शांतपणे ऐकायचं आणि पायरी खात राहायचं.

एका नोव्हेंबरात मी तिच्याबरोबर मोहिमेवर गेलो. इतर झाडांची पानं झडलेली, पाइनचे शेंडे उघडे पडलेले, त्यामुळे वर बसलेलं जनावर लगेच दिसतं. मावशीच्या अंगात काकांचा जुना चौकटीचा शर्ट, त्यावर भगभगीत नारिंगी जॅकेट, पायात गमबूट आणि कपाळावर ती टिकली. माझ्याकडे चहाचा थर्मास आणि गप्प बसण्याचं काम. दुसरं मला जमेना, म्हणून तिने मला चकलीचा डबा दिला. एका पाइनच्या टोकाला काळा गोळा दिसला. तो गोळा आहे की घरटं याचा मी विचार करत होतो, तोवर तिने झाडाला पाठ टेकली, श्वास रोखला, आणि एकच आवाज झाला. जनावर खाली पडलं. मावशी जवळ गेली, रायफल उघडून रिकामी केली, आणि त्याला हात जोडले. मी विचारलं, "शत्रूला नमस्कार?" ती म्हणाली, "मग काय मित्राला मारल्यावर करायचा?" मी पुढे होऊन पाहायला गेलो आणि माझ्या नव्याकोऱ्या बुटात चार काटे आरपार गेले. साळिंदर काटे फेकून मारतं ही अफवा आहे. काटे मात्र ते मेल्यावरही आपल्या जागी ठाम असतात, एवढंच.

मारलेलं साळिंदर वाया घालवायचं नाही, हे तिला शेजाऱ्याने शिकवलं. हा शेजारी तळ्याच्या पलीकडच्या वळणावर राहणारा, ओजिब्वे या इथल्या मूळ जमातीतला म्हातारा. त्यांच्याकडच्या नाचात पुरुष डोक्यावर एक तुरा बांधतात. तो साळिंदराच्या पाठीवरच्या लांब राठ केसांचा असतो. वीतभर लांबीचे, काळे, टोकाला पांढुरके केस. नाचणारा हलला की तो तुरा वाऱ्यावरच्या गवतासारखा थरथरतो. म्हातारा असे तुरे बांधतो. पहिल्याच शिकारीच्या वेळी आवाज ऐकून तो आला होता, आणि मावशी जनावर पुरायला खड्डा खणते आहे हे पाहून त्याने कपाळावर हात मारला होता. तेव्हापासून दोघांचा करार झाला. मांस आणि नक्षीकामासाठी काटे त्याचे. केस मावशीने उपटून, धुऊन, लांबीप्रमाणे लावून द्यायचे. केस धुवायचे कसे, हे विचारायच्या भानगडीत मावशी पडली नाही. तिने ते शिकेकाईने धुतले. म्हाताऱ्याने जुडगा उन्हात धरला, वास घेतला, आणि आपल्या लेकीला बोलावून आणलं. आज त्या घरातल्या तीन पिढ्यांच्या बायका शिकेकाईने न्हातात. बदल्यात मावशीला त्यांच्या तळ्यातला जंगली तांदूळ मिळतो आणि ती त्याचा मसालेभात करते. तो आम्ही निमूट खातो.

हे सगळं मंडळात पोचायला किती वेळ लागतो? गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका काकूंनी सगळ्यांसमोर मावशीला गाठलं. या वयात, आपल्यासारख्या घरात, मुक्या जिवांची हत्या! आणि वर त्यांचे केस उपटायचे! रांग थांबली. मावशीने मोदकाची वाटी खाली ठेवली. "तुमच्या गराजमध्ये उंदरासाठी चिकटपट्टी लावलेली आहे ना?" काकू म्हणाल्या, तो वेगळा प्रश्न आहे. "कसा वेगळा? तो तर याचं वाहन," असं म्हणत मावशीने सजवलेल्या गणपतीकडे बोट दाखवलं. "त्याच्या गाडीला तुम्ही चिकटपट्टी लावून राहिल्या आणि मला शिकवून राहिल्या! मी मारते ते समोरून मारते, हात जोडते, आणि केसापासून काट्यापर्यंत कामाला लावते. तुम्ही पट्टीसकट कचऱ्यात टाकता." मी त्या वेळी प्रसाद वाढत होतो. माझ्या हातून काकूंच्या द्रोणात दोन मोदक जास्त पडले, कारण त्यांची मला दया आली.

या प्रकरणाचा बोभाटा जर्सी सिटीपर्यंत गेला. तिथे मावशीचा मुलगा राहतो, पंचविसाव्या मजल्यावर. मुलगा चांगला आहे, आईवर जीव आहे, फक्त काळजीचा स्वभाव आणि मॅनहॅटनची नोकरी. त्याने मला फोन केला. "जिजू, धिस इज क्रेझी. सत्तर वर्षांची बाई जंगलात गन घेऊन एकटी. पडली तर? फोनला रेंज नसते तिथे. मी ठरवलंय, केबिन विकायची. ती माझ्याकडे येऊन राहील. तुम्ही प्लीज तिच्याशी बोला ना यार." मी बोललो. मावशी म्हणाली, "पंचविसाव्या मजल्यावर काय करू? ढगांवर नेम धरू?" मग माझ्याकडे न बघता तिने भांडी घासायला घेतली, आणि ती घाबरली आहे हे मला पहिल्यांदा कळलं. केबिनच्या कागदांवर काकांनंतर मुलाचंही नाव होतं. केबिन ठेवायला त्याने नाही म्हटलं असतं तर ती एकटी फार काही करू शकली नसती, आणि हे तिला पक्कं माहीत होतं.

ऑगस्टात तो आला. विकायच्या आधी डेक दुरुस्त करायला हवं म्हणून त्याने एका सुताराला बोलावलं होतं. मी आणि माझी बायको मध्यस्थ म्हणून गेलो होतो, म्हणजे दोन्ही बाजूंची बोलणी खायला. सुतार डेकखाली शिरला, बराच वेळ टॉर्च मारत राहिला, आणि गुडघे झाडत बाहेर आला. म्हणाला, बाकी डेक ठीक आहे, पण या पायऱ्यांचा कोपरा पार पोखरलाय. इथल्या लाकडात मीठ मुरलंय. साळिंदरांना मिठाचं वेड असतं, ती त्यासाठी मैलभरावरून येतात. इथे कोणी मीठ टाकतं का?

आम्ही सगळ्यांनी एकदमच त्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथेच मावशीचा पाट असतो. तिथेच खारवलेल्या कैऱ्यांचं पाणी, सांडगी मिरच्यांचं खारं ताक, बरण्या धुतलेलं पाणी, सगळं कठड्यावरून ओतलं जातं. वल्ह्यांच्या, कुऱ्हाडीच्या आणि लाटण्याच्या दांड्यावरही खारट हातच लागलेले. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्या केबिनवर ही चूक व्हायची नाही, कारण दुसरं कोणी आपल्या पायरीला दर उन्हाळ्यात लोणच्याचा खार पाजत नाही.

मुलाचा चेहरा उजळला. वाद जिंकल्याचा आनंद माणसाला लपवता येत नाही. "आई! तूच बोलावतेस त्यांना! इतकी वर्षं तू स्वतःच फीड करतेयस आणि मग वॉर करतेयस!"

"हौ," मावशी म्हणाली. "माहीत आहे मला."

"म्हणजे?"

"पलीकडच्या म्हाताऱ्यानं दुसऱ्याच वर्षी सांगितलं. मीठ बंद कर, येणं बंद होईल."

"मग बंद काहून नाही केलं?" चिडल्यावर त्याच्या तोंडून नागपूर बाहेर पडतं, हे मला त्या दिवशी कळलं.  मावशी सुताराला चहा हवा का विचारून आत गेली.

संध्याकाळी जेवणं लवकर आटोपली. उन्हं तळ्यावर होती. मावशी डेकवर खुर्ची टाकून बसली आणि आम्ही तिघं जाळीच्या दाराआड. थोड्या वेळाने पायऱ्यांपाशी खरखर झाली. एक म्हातारं, जाडजूड, एका कानाचं साळिंदर डुलत डुलत आलं आणि त्या कोपऱ्याला तोंड लावून बसलं. मी आता शिव्यांची वाट पाहत होतो. मावशी पुढे वाकली.

"अहो, सावकाश," ती म्हणाली. "कोणी पळवून नेत नाही."

मावशी साळिंदरांना अरेतुरे करते, हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. हे अहो मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या बायकोने माझा हात धरला. मुलगा दार उघडून बाहेर गेला. साळिंदराने जरा पाठ फुगवली, पण ते हललं नाही. तो आईशेजारी पायरीवर बसला.

मावशी त्याच्याकडे न बघता बोलत राहिली. "तुझ्या बाबांना बीपी निघालं तेव्हापासून मी त्यांना लोणच्याला हात लावू दिला नाही. पापड नाही, सांडगी मिरची नाही. वरणात मीठ अर्धं. भांडायचे माझ्याशी. लहान पोरासारखे चोरून बरणीत बोट घालायचे आणि मी पकडायची. म्हणायची, मी असेपर्यंत तुम्हाला खारट मिळणार नाही." ती थांबली. "जिंकले ना मी. दर वेळी जिंकले. काय उपयोग झाला? गेले ते गेलेच. अळणी जेवून गेले." मग तिने पदर नसलेल्या त्या चौकटीच्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि आवाज पुन्हा चढला. "आता माझ्या दारी कोणी मीठ मागायला आलं तर मी नाही म्हणणार नाही. डेक खाल्लं तर खाऊ दे. तुला विकायचं तर विक. पण मी आहे तोवर इथलं मीठ बंद होणार नाही, सांगून ठेवते."

 साळिंदर चावत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.  आपल्याकडे बायका माणसावर प्रेम करतात ते असं, पथ्य सांभाळून, रागावून, बरण्या उंच फळीवर ठेवून. आणि माणूस गेल्यावर त्या सगळ्या नकारांचं काय करायचं, ते त्यांना कोणी सांगत नाही.

सकाळी सुतार पुन्हा आला. त्याने मुलाला दोन नमुने दाखवले. एक साधं पाइनचं लाकूड, आणि दुसरं ते नवीन, प्लॅस्टिक मिसळलेलं. हेच लावा, तो म्हणाला, विकताना घराला भाव येईल, आणि याला साळिंदर आयुष्यात तोंड लावणार नाही. मावशी दारात उभी होती, कमरेवर हात, तोंडात उत्तर तयार. मुलाने दोन्ही तुकडे हातात घेऊन पाहिले. मग प्लॅस्टिकचा तुकडा त्याने सुताराला परत दिला.

"लाकूडच लावा," तो म्हणाला. "घर विकायचं नाहीये."

मावशीने उलट बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.  मग आत जाऊन तिने मुलासाठी पोहे टाकले.